जुन्या पोलादी रोड सायकलची फ्रेम विकत घेण्यापूर्वी कशी पारखावी

नागपुरात जुनी पोलादी रोड फ्रेम बहुधा तीन वाटांनी समोर येते: सिव्हिल लाइन्स किंवा धरमपेठेतल्या एखाद्या जुन्या घराच्या गॅरेजमधून, कबाड्याच्या ढिगातून, किंवा पुण्या-मुंबईहून ट्रान्सपोर्टने. तिन्ही ठिकाणी घेणाऱ्याची नजर आधी रंगावर आणि नावावर जाते, आणि विकणाराही तेच पुढे करतो. हा क्रम उलटा करावा. आधी माप, मग धातू, त्यानंतर आटे आणि अंतरे तपासावीत व नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा. सोबत बॅटरी, व्हर्नियर कॅलिपर, मिलिमीटरची पट्टी, छोटे लोहचुंबक, ॲलन की व पान्यांचा संच, ओले फडके आणि तीन-चार मीटर सुताची दोरी असावी.

मापाचे फार काही सांगण्यासारखे नाही. चाके लावलेली असतील तर फ्रेमवर दोन्ही पाय टेकवून उभे राहावे. टॉप ट्यूब (फ्रेमची वरची आडवी नळी) आणि शरीर यांच्यात थोडीही मोकळीक उरत नसेल, तर फ्रेम कितीही सुंदर असली तरी परत ठेवावी. किंचित लहान फ्रेम लांब सीट पोस्ट (सीटखालचा दांडा) आणि लांब स्टेम (हँडल धरणारा भाग) लावून निभावून नेता येते, मोठी फ्रेम मात्र कशानेच लहान करता येत नाही.

धातूची तपासणी

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. सायकल समोरून आदळली की धक्का चिमट्यातून (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी पात्यांतून) हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, खालच्या टोकाला बसतो आणि ते टोक मागे ढकलले जाते. चांगल्या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. त्यामुळे जाडी जिथे उतरते, म्हणजे लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) थोडे मागे, तिथे नळी दुमडते. ही खूण वरून दिसत नाही. फ्रेम उलटी करून डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणारी नळी) आणि टॉप ट्यूब यांची खालची बाजू ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावी आणि अंगठ्याचे पेर हेड ट्यूबकडून मागे सावकाश सरकवत न्यावे. नळी सरळ असेल तर बोट कुठेही अडखळत नाही. आदळलेल्या फ्रेममध्ये बोटाला एक बारीक उंचवटा लागतो आणि त्याला लागून किंचित खोलगट भाग जाणवतो. मग बॅटरी नळीला जवळजवळ समांतर धरावी. तिरप्या प्रकाशात रंगावरची चकाकी त्या जागी मोडलेली दिसते, आणि बरेचदा तिथेच रंगाला आडवी बारीक चीर गेलेली असते. असा उंचवटा असलेली फ्रेम घेऊ नये. नळी बदलणे शक्य असते, पण त्या खर्चात दुसरी निर्दोष फ्रेम मिळू शकते.

चिमटा बाजूने पाहावा. त्याच्या पात्यांचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेतच उतरला पाहिजे आणि वळण त्याखाली सुरू झाले पाहिजे. सरळ भागच मागे कललेला असेल तर चिमटा वाकला आहे, आणि मग डाउन ट्यूब पुन्हा एकदा तपासावी.

फ्रेम सरळ आहे की नाही हे दोरी सांगते. दोरीचे एक टोक मागच्या एका ड्रॉपआउटच्या (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या) बाहेरच्या बाजूला बांधावे, दोरी हेड ट्यूबला पुढून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावी आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजावे. एक मिलिमीटरचा फरक जुन्या फ्रेममध्ये चालून जातो. तीन-चार मिलिमीटरचा फरक असल्यास मागचा भाग एका बाजूला गेला आहे असे समजावे; पोलाद थंड अवस्थेतच वाकवून तो सरळ करता येतो, पण जाणता मिस्त्री हाताशी असेल तरच.

तडे शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: उजवा ड्रॉपआउट, बॉटम ब्रॅकेटजवळची (पेडलचा आस बसतो त्या जागेजवळची) उजवी चेनस्टे, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणारी नळी, आणि सीट पोस्ट आवळण्याच्या बोल्टचे कान. रंग नवा आणि गुळगुळीत असेल तर मी अधिक सावध होतो, कारण ताज्या पावडर कोटिंगखाली पुट्टीने भरलेला पोचाही लपतो. तिथे लोहचुंबक फिरवून पाहावे. पुट्टीवर त्याची ओढ स्पष्टपणे कमी होते. ओरखडे पडलेला मूळ रंग त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो. हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंग करणारे कुशल हात पुष्कळ आहेत, तरी ०.६ मिलिमीटर जाडीच्या नळीवरचा तडा साध्या वेल्डिंगने बुजवून घेण्याच्या भरवशावर सौदा करू नये.

गंज आणि अडकलेला सीट पोस्ट

नागपूरला समुद्राची खारी हवा नाही, हा आपला मोठा फायदा. परंतु चार महिने पाऊस असतो, आणि उन्हाळ्यात पोर्चमधली सायकल अनेकदा कूलरच्या टाकीशेजारीच उभी असते. वरचा लालसर गंज घासून निघतो. खरा धोका आतला असतो. सीट ट्यूबमधून उतरलेले पाणी बॉटम ब्रॅकेटच्या नळीत साठते, म्हणून शक्य असेल तर कप (बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी) काढून आत बॅटरी मारावी. धातूचे पापुद्रे सुटत असतील तर फ्रेम सोडून द्यावी.

सीट पोस्ट हलवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षे पोलादी नळीत राहिला आणि ओल लागत गेली की त्यावर ऑक्साइड फुगतो व पोस्ट नळीत घट्ट धरला जातो. बोल्ट सैल करून सीट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवावी. हलला नाही, तर तो काढण्यात फ्रेमही जाऊ शकते असे धरूनच किंमत बोलावी.

पोस्ट निघाला तर त्यावर कोरलेला आकडा वाचावा, कारण तो नळीची जात सांगतो. बहुतेक फ्रेमच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर असतो. त्यात २७.२ चा पोस्ट नीट बसत असेल तर भिंत सुमारे ०.६ मिलिमीटरची, म्हणजे नळी हलक्या, उत्तम पोलादाची असण्याची शक्यता मोठी. २५.४ किंवा २६ चा पोस्ट जाड, साध्या नळीकडे बोट दाखवतो. जुन्या फ्रेंच फ्रेमना मात्र हा हिशेब लावू नये, त्यांची नळी २८ मिलिमीटरची असते.

आटे आणि अंतरे

बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ मिलिमीटर रुंद आणि कपवर १.३७ × २४ असे कोरलेले असेल तर आटे इंग्रजी आहेत, आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. ७० मिलिमीटर आणि ३६ × २४ म्हणजे इटालियन. ते मागवावे लागतात. ३५ × १ हे फ्रेंच आटे सत्तरच्या दशकातल्या प्यूजोसारख्या सायकलींत आढळतात, आणि ते असतील तर सुट्या भागांची सोय आधी करून मगच फ्रेम घ्यावी. सोडवताना एक लक्षात ठेवावे: इंग्रजी फ्रेमचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो.

मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर १२० मिलिमीटर असल्यास फ्रेम पाच गिअरच्या काळातली, १२६ असल्यास सहा-सात गिअरची, आणि १३० असल्यास आठ किंवा त्याहून अधिक गिअरची समजावी. १२६ चे १३० करणे अवघड नाही. चाक २७ इंचांचे असून तुम्हाला ७००सी (किंचित लहान रिमचे माप) लावायचे असेल, तर रिम चार मिलिमीटर आत जाते. ब्रेकच्या भोकापासून नव्या रिमपर्यंतचे अंतर ५७ मिलिमीटरपेक्षा जास्त भरत असेल तर नेहमीचे लांब पोहोचीचे ब्रेकही पुरत नाहीत.

नाव आणि किंमत

ब्रिटनच्या रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ ही नळी १९३५ पासूनची आहे. इटलीच्या कोलंबस आणि जपानच्या टांगे, इशिवाता यांच्या नळ्याही घेण्याजोग्या. पण स्टिकर नवे छापूनही मिळतात, म्हणून पोस्टचा आकडा, ड्रॉपआउट ओतीव-घडीव जाड आहेत की पत्र्यातून कापलेले पातळ, आणि फ्रेमचे वजन यांच्याशी ते जुळवून पाहावे. शिवाय रेनॉल्ड्सच्या काही स्टिकरवर फक्त तीन मुख्य नळ्यांचाच उल्लेख असतो. चिमटा आणि मागच्या नळ्या तेव्हा साध्या पोलादाच्या असू शकतात.

सौदा करताना फ्रेमच्या किमतीत हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट, चाके, ब्रेक आणि रंगकाम यांचा खर्च कागदावर मांडून मिळवावा. नुसती फ्रेम स्वस्त पडते आणि पूर्ण सायकल महाग जाते, हे त्या बेरजेतच दिसते. व्यवहार ठरल्यावर बॉटम ब्रॅकेटखाली किंवा सीट लगजवळ ठोकलेला फ्रेम नंबर उतरवून घ्यावा आणि तो नंबर, तारीख व विकणाऱ्याची सही असलेली पावती मागावी. नंबर घासून काढलेला असेल किंवा पावती द्यायला टाळाटाळ होत असेल, तर फ्रेम तिथेच ठेवून यावे.