मोटरवाला फेडर कंट्रोलर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला कसा जोडायचा

फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. मोटरवाल्या फेडरची खरी मजा ही की तो सॉफ्टवेअरला सांगतो पण आणि सॉफ्टवेअरचं ऐकतो पण. त्यामुळे सेटअप करताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही दिशा डोक्यात ठेवा, बहुतेक अडचणी तिथेच सुटतात.

आधी सॉफ्टवेअर बंद ठेवा. कंट्रोलरसोबत अडॅप्टर आला असेल तर तोच लावा, मोटरना करंट लागतो, आणि यूएसबी केबल हबमधून न नेता थेट कॉम्प्युटरला जोडा. चालू केल्यावर बरेचसे कंट्रोलर सगळे फेडर एकदा वर-खाली फिरवून घेतात, तेव्हा हात लावू नका.

मग मोड, म्हणजे कंट्रोलर सॉफ्टवेअरशी कोणत्या भाषेत बोलणार ते. हे कंट्रोलरवरच ठरवायचं असतं आणि लोक नेमकं हेच विसरतात. क्यूबेस, रीपर, लॉजिक, एबलटन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी मॅकी कंट्रोल, प्रो टूल्ससाठी एचयूआय. बेहरिंगर एक्स-टचवर पहिल्या चॅनलचं सिलेक्ट बटण दाबून धरून पॉवर ऑन केली की हा मेनू येतो, बाकीच्यांचं मॅन्युअलमधे बघा.

आता सॉफ्टवेअर उघडा. रीपरमधे प्रेफरन्सेसमधे कंट्रोल/ओएससी/वेबच्या पानावर अ‍ॅड करून मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल निवडा, क्यूबेसमधे स्टुडिओ सेटअपमधे प्लस दाबून मॅकी कंट्रोल, प्रो टूल्समधे पेरिफेरल्समधल्या मिडी कंट्रोलर्समधे एचयूआय. सगळीकडे मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातले संदेश) इनपुट आणि आउटपुट दोन्ही निवडायचे, दोन्ही त्याच कंट्रोलरचे. फेडर हलवला की स्क्रीनवरचा हलतो पण माउसने हलवल्यावर हातातला ढिम्म, असं झालं तर आउटपुट राहिलंय असं समजा. स्क्रीनवर काहीच होत नसेल तर इनपुट नाहीतर मोड तपासा.

एक गोष्ट नक्की करा, कंट्रोलरच्या पोर्टला ट्रॅकच्या मिडी इनपुटमधून काढून टाका. मॅकी कंट्रोलमधे फेडर पिच बेंड (सूर वर-खाली करणारा संदेश) पाठवतो आणि बटणं नोट पाठवतात, म्हणजे आर्म केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवलेल्या, सिंथच्या ट्रॅकवर तुम्ही फेडर सरकवला की सूरच वाकायला लागतो आणि कारण काही केल्या सापडत नाही!

शेवटी टेस्ट घ्या. एका ट्रॅकचं ऑटोमेशन (फेडरची हालचाल नोंदवून ठेवणं) टच मोडवर टाका, प्ले करा, फेडर हलवा, सोडा. सोडल्यावर तो आधीच्या लेव्हलला परत जायला हवा, लॅचमधे मात्र स्टॉप करेपर्यंत जिथे सोडला तिथेच राहतो. मिक्स करायला मला टचच आवडतं, एखादी ओळ थोडी वर उचलायची आणि सोडून द्यायचं, हे माउसने इतकं सहज होतच नाही. फक्त बोटाची कातडी फेडरला लागली पाहिजे, नखाने किंवा पेनने ढकललंत तर हात लागल्याचं त्याला कळतच नाही आणि मोटर उलटी ओढत राहते.