आयरा ग्लास यांच्या वाटेने पॉडकास्ट शिकताना

पॉडकास्टमध्ये नाव कमवायचे असेल, तर मायक्रोफोनपुढे बसण्याआधी संपादन शिकावे. ‘धिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाचे सूत्रसंचालक आणि निर्माते आयरा ग्लास १९७८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या नॅशनल पब्लिक रेडिओत उमेदवारी करू लागले आणि शिकागोहून त्यांचा हा कार्यक्रम सुरू व्हायला १९९५ उजाडले, मधल्या काळात इतरांच्या ध्वनिफिती कापण्या-जोडण्याचे कामही त्यांनी भरपूर केले.

सुरुवातीला एक मुलाखत ध्वनिमुद्रित करून ती शब्दशः उतरवून काढावी. (हे काम कंटाळवाणे असते, पण टाळू नये.) मग घटना घडली त्याच क्रमाने वाक्ये लावावीत, म्हणजे ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता टिकते, आणि त्या घटनेचा अर्थ उलगडणारा विचार तिच्या पाठोपाठ ठेवावा. ग्लास यांच्या कथनाचा कणा हाच आहे. कापताना हेडफोन लावून बोलणाऱ्याचा श्वास अर्ध्यावर तुटत नाही ना, हे तपासावे. निवेदन लिहून घ्यावे, मात्र ते समोरच्या मित्राला सांगितल्यासारखे वाचावे.

सहकारीही जोडावेत: २०२० मध्ये ध्वनिवार्तांकनाचे पहिले पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतले पत्रकारितेचे मानाचे पारितोषिक, या कार्यक्रमाच्या चमूला मिळाले, तेही बाहेरच्या दोन पत्रकारांसह.