पेटंट संपलं? चिठ्ठी बदलून घ्या

मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन गोळी घरात कुणी घेत असेल, तर ब्रँड एकदा तपासून पाहा. या औषधाचं पेटंट, म्हणजे ते बनवून विकण्याचा मूळ कंपनीचा एकटीचा हक्क, भारतात मार्च 2025 मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी स्वस्तात आणली, काही ठिकाणी तर सहा रुपयांच्याही आत. रोज एक गोळी म्हटली तरी वर्षाचा फरक हजारोंत जातो. मधुमेहाच्याच सिटाग्लिप्टिन या औषधाचंही 2022 मध्ये असंच झालं होतं. पण जुनी चिठ्ठी दाखवून तोच महागडा ब्रँड आणणारे खूप जण आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुकानदाराने डॉक्टरांचा ब्रँड परस्पर बदलायचा नसतो. म्हणून पुढच्या तपासणीला रिकामी स्ट्रिप घेऊन जा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हेच औषध स्वस्तात मिळतं का? मूळ नावाने लिहून द्याल?" ते मूळ नाव, म्हणजे कंपनीने दिलेलं नव्हे तर औषधाचं स्वतःचं नाव, स्ट्रिपवर ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. शेजारचे मिलिग्रॅम आणि 'एसआर', 'एक्सआर' (औषध हळूहळू सुटणारी गोळी) ही अक्षरंही जुळायला हवीत. दोन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर दोन्ही नावं बघा. जनऔषधी केंद्रातले (स्वस्त औषधांची सरकारी योजनेतली दुकानं) भाव 'जनऔषधी सुगम' ॲपवर घरबसल्या दिसतात.

फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका. त्यात कंपनी बदलली तर पुन्हा रक्त तपासावं लागू शकतं.