जुन्या लॅपटॉपवर घरचे जेलिफिन

वडसा-आरमोरीकडे झाडीपट्टीच्या नाटकांची चित्रीकरणे, लग्नांच्या डीव्हीडी आणि भजनांच्या ध्वनिफिती पेनड्राइव्हमधून घरोघरी फिरत असतात. हा संग्रह एका ठिकाणी ठेवून घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहायचा असेल, तर जेलिफिन हे मुक्त सॉफ्टवेअर मला सर्वांत सोयीचे वाटते. एम्बी या अशाच सॉफ्टवेअरने आपला स्रोत (मूळ कोड) बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून ही वेगळी शाखा निघाली. त्यासाठी वर्गणी लागत नाही, कोणत्याही कंपनीकडे खाते उघडावे लागत नाही आणि एकदा मांडणी झाली की इंटरनेट बंद असतानाही घरच्या वायफायवर सारे चालते.

यंत्र म्हणून जुना लॅपटॉप घ्यावा, कारण लाइट गेल्यावर त्याची बॅटरी तग धरते. मात्र ती निकामी झालेली असेल तर आधी बदलावी. राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा, अन्यथा लॅपटॉप चालू राहूनही टीव्हीपर्यंत काही पोहोचणार नाही. बाहेरची डिस्क यूएसबीवरच चालणारी, अडीच इंची असावी. वेगळ्या अडॅप्टरवरची मोठी डिस्क लिहिणे चालू असताना अचानक बंद पडली, तर फाइली खराब होऊ शकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लॅपटॉप पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नाही.

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणाली घालून जेलिफिनच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचनांप्रमाणे ते बसवावे. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये, अशी नोंद डेबियनच्या मांडणीत करावी आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवावा. त्यानंतर घरातील कोणत्याही ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि पुढे ८०९६ हा पोर्ट दिला, की मांडणीचे पान उघडते. अनेकांची गाडी येथेच अडते : डिस्क दिसते, पण जेलिफिनमध्ये फोल्डर रिकामे राहते. जेलिफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि आपल्या नावाने जोडलेली डिस्क वाचण्याची परवानगी त्याला नसते, हे त्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणून डिस्क ‘एफस्टॅब’मध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याच्या यादीच्या फाइलमध्ये, नोंदवून कायमस्वरूपी जोडावी आणि वाचण्याची परवानगी द्यावी.

खरी मेहनत फाइलींवर घ्यावी. टीव्ही किंवा मोबाइलला एखादे स्वरूप चालत नसेल, तर जेलिफिन पाहता पाहता त्याचे रूपांतर करू लागते. या कामात जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि चित्र अडखळते. म्हणून जुन्या डीव्हीडी हँडब्रेक या मुक्त सॉफ्टवेअरने आधीच एमपी४ मध्ये, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ठेवून, बदलून घ्याव्यात. हे काम रात्रभर चालू ठेवता येते, आणि मग लॅपटॉपला फक्त फाइल पुढे सरकवायची असते. नाटके व लग्ने यांच्यासाठी जेलिफिनमधील ग्रंथालयाचा (लायब्ररीचा) प्रकार चित्रपट न निवडता घरगुती व्हिडिओ व छायाचित्रे हा निवडावा. नाही तर आत्याच्या लग्नावर भलत्याच परदेशी चित्रपटाचे पोस्टर येऊन बसते. चित्रपटांच्या फाइलींना नाव आणि कंसात वर्ष दिले, की माहिती बहुधा बरोबर येते.

अँड्रॉइड मोबाइल व अँड्रॉइड टीव्हीसाठी जेलिफिनचे अॅप आहे. जुन्या स्मार्ट टीव्हीवर अॅप बसत नसेल, तर डीएलएनएचे (घरच्या जाळ्यावरून टीव्हीला थेट व्हिडिओ पुरवण्याच्या जुन्या पद्धतीचे) प्लगइन जेलिफिनमध्ये घालून पाहावे.

पुण्यात शिकणाऱ्या मुलाला हाच संग्रह दाखवायचा असेल, तर राउटरचे पोर्ट जगासाठी उघडू नये. बहुतेक मोबाइल जोडण्यांवर ते शक्यही नसते, कारण अनेक ग्राहकांमध्ये एकच बाहेरचा पत्ता वाटलेला असतो. टेलस्केल या खासगी जाळे (व्हीपीएन) उभारणाऱ्या सेवेने दोन्हीकडची यंत्रे सुरक्षित जोडता येतात. यंत्रांची गाठ घालून देणारा त्याचा मधला सर्व्हर मात्र मुक्त नाही, आणि हेडस्केल हा मुक्त पर्याय स्वतः चालवायचा, तर सार्वजनिक पत्ता असलेले आणखी एक यंत्र लागते.