आवाज पोहोचत नसेल तर: संगणकाच्या मायक्रोफोनची जोडणी आणि तपासणी

मायक्रोफोनपुढे उच्चारलेला शब्द समोरच्याच्या कानी पडण्यापूर्वी चार टप्पे ओलांडतो: स्वतः मायक्रोफोन, संगणकाशी असलेली त्याची जोडणी, ऑपरेटिंग सिस्टीम आणि ज्यातून आपण बोलतो ते ॲप किंवा ब्राउझर. यांपैकी कोठेही अडथळा आला तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे आवाज जात नाही. म्हणून दिसेल ती सेटिंग बदलत सुटण्यापेक्षा याच क्रमाने एकेक टप्पा तपासावा आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर आवाज सुरू झाल्यावरही तो कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा तीच शोधाशोध करावी लागते.

जोडणीपासून सुरुवात करू. डेस्कटॉप संगणकाच्या मागे वेगवेगळ्या रंगांची गोल छिद्रे असतील, तर त्यांतील गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे आणि हिरवे स्पीकरचे किंवा हेडफोनचे असते. लॅपटॉपवर बहुधा ३.५ मिमीचे एकच छिद्र असते व त्यातून ऐकणे आणि बोलणे दोन्ही होते. पण त्यासाठी हेडसेटची पिन चार भागांची, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांची असावी लागते. दोनच पट्ट्यांची पिन असेल तर ती साध्या हेडफोनची समजावी. याउलट हेडसेटला दोन वेगळ्या पिना आणि लॅपटॉपला एकच छिद्र असेल, तर दोन्ही पिना एकत्र करणारा जोड लागतो. यूएसबी मायक्रोफोनला हा प्रश्न येत नाही, कारण आवाजाचे डिजिटल रूपांतर तो स्वतःच करतो. मात्र तो हबमधून (एका पोर्टला अनेक उपकरणे लावू देणाऱ्या जोडातून) जोडलेला असताना अधूनमधून बंद पडत असेल, तर थेट संगणकाच्या पोर्टला लावून पाहावा.

आवाज बंद करणारी बटणे एकाहून अधिक ठिकाणी असतात, हे फार वेळा विसरले जाते. हेडसेटच्या वायरवर एक छोटी सरकपट्टी असते, काही लॅपटॉपच्या कीबोर्डवर दिवा असलेली वेगळी कळ असते आणि ॲपमध्येही आपले बटण असतेच. ही सर्व सुरू आहेत याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या मार्गाने गेल्यावर ‘इनपुट’खाली जोडलेल्या मायक्रोफोनांची यादी दिसते. वेबकॅमचा, लॅपटॉपमधला आणि हेडसेटचा असे तीन मायक्रोफोन तेथे एकदम असू शकतात, आणि संगणक आपल्याला हव्या असलेल्या मायक्रोफोनऐवजी भलताच निवडून बसलेला असतो. योग्य नाव निवडून बोलावे. आवाजाची पट्टी हलली, तर पहिले दोन टप्पे ठीक आहेत असे धरून चालावे. त्यानंतर परवानगी पाहावी. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील मायक्रोफोनच्या पानावर सर्वसाधारण परवानगीखेरीज डेस्कटॉप ॲप्ससाठी एक स्वतंत्र बटण असते आणि क्रोम किंवा फायरफॉक्ससारखे ब्राउझर त्याच्या अखत्यारीत येतात. मॅकवरही याच नावाच्या विभागात प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी द्यावी लागते. ती दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडणे इष्ट.

ब्राउझरची परवानगी प्रत्येक संकेतस्थळापुरती असते. पहिल्यांदा विचारले तेव्हा घाईत नकार दिला असेल, तर तो नकार लक्षात ठेवला जातो आणि पुन्हा विचारणा होत नाही. पत्त्याच्या पट्टीवरील पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून तो बदलावा आणि पान पुन्हा लोड करावे. ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही मायक्रोफोन निवडावा लागतो. सिस्टीममध्ये केलेली निवड तेथे आपोआप लागू होईलच असे नाही.

आवाज पोहोचतो पण नीट कळत नाही, ही तक्रार अधिक चिकाटीने हाताळावी लागते. त्यासाठी अर्ध्या मिनिटाचे स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावे. समोरच्याला वारंवार ‘आता येतोय का?’ असे विचारण्यापेक्षा यातून कितीतरी अधिक कळते. ‘भाऊ, पुन्हा फोन कर, बाबा भेटले’ असे एखादे वाक्य बोलून पाहावे. प, फ, ब, भ या अक्षरांवर धप्प असा आवाज आला, तर श्वासाचा झोत थेट मायक्रोफोनवर आदळतो आहे असे समजावे. हेडसेटची दांडी ओठांच्या समोरून काढून कोपऱ्याकडे न्यावी; टेबलावरचा मायक्रोफोन एक वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा. मोठ्याने बोलताना आवाज फाटत असेल तर इनपुटची पातळी कमी करावी, आणि ‘मायक्रोफोन बूस्ट’ (आवाज आणखी मोठा करणारी सेटिंग) वाढवलेला असेल तर तो आधी उतरवावा. बूस्टने बोलण्याबरोबर पंख्याची घरघरही वाढते. आवाज क्षीण वाटला तर पातळी चढवण्याआधी मायक्रोफोन जवळ आणणे केव्हाही चांगले. सतत गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा; ती थांबली तर दोष विजेच्या बाजूचा आहे.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ लागला की बहुतेक जण स्वतःचा मायक्रोफोन तपासतात. वास्तविक दोष बहुधा दुसऱ्या टोकाला असतो: तेथील स्पीकरमधून निघालेला आपला आवाज तेथीलच मायक्रोफोन टिपतो आणि आपल्याकडे परत पाठवतो. तेथील व्यक्तीने हेडफोन लावले की हा प्रतिध्वनी थांबतो. एकाच खोलीत दोन संगणकांवरून एकाच संभाषणात सामील झाल्यास कर्कश शिट्टी उठते, तेव्हा एकाचा मायक्रोफोन आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत.

ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन सुरू होताच ऐकू येणारा आवाजही एकदम बसका होतो, तेव्हा हेडसेट बिघडला असे मानू नये. दोन्ही दिशांचा आवाज वाहून नेण्यासाठी ब्लूटूथ कमी दर्जाच्या निराळ्या पद्धतीकडे वळते. अशा वेळी ऐकण्यासाठी हेडसेट ठेवून बोलण्यासाठी लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडावा.

एवढे करूनही पट्टी मुळीच हलत नसेल, तर तोच मायक्रोफोन दुसऱ्या संगणकाला लावावा. तेथेही तो मुका राहिला तर बदलण्यावाचून इलाज नाही. तेथे चालला तर आपल्या संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीतून, त्याची नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे विंडोज त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने बसवते.