दारू सोडवायला डॉक्टरांपर्यंत न्यायचंय? घरच्यांनो, या चुका टाळा

रात्री साडेअकराला बेल वाजते. आत आलेल्या माणसाला नीट उभंही राहता येत नसतं, आणि घरच्यांचं दिवसभर साठलेलं सगळं नेमकं तेव्हाच बाहेर पडतं. पोरांची फी, शेजाऱ्यांसमोर गेलेली अब्रू, गहाण पडलेलं मंगळसूत्र. व्यसनी माणसांच्या घरच्यांची जी बैठक ठाण्यात भरते, तिथे मी स्वयंसेवक म्हणून बसते. "किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी," हे तिथे जवळपास प्रत्येक जण सांगतं. कधी समजावलं, असं विचारलं की उत्तर बहुतेक एकच येतं: पिऊन आल्यावर.

त्या वेळचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. खूप प्यायल्यावर मेंदू नवी आठवण साठवायचंच थांबवतो. सकाळी त्याला भांडण झाल्याचं पुसट आठवतं, आणि संध्याकाळी "घरात कटकट असते" हे बाहेर बसायला आयतं कारण होतं.

इतक्या घरांचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. "आता बस्स झालं" असं व्यसनी माणसाला स्वतःला वाटतं, आणि बऱ्याचदा वाटतं. फिट येऊन गेल्यावर, कंपनीने मेमो दिल्यावर, लेक मैत्रिणींना घरी का आणत नाही ते कळल्यावर. ती वेळ थोडी असते, काही तास, फार तर एखादा दिवस. त्या वेळी घरची तयारी नसते, किंवा घर आदल्या रात्रीच्या भांडणात अडकलेलं असतं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९च्या सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं. उरलेले ३७ जण सगळेच हट्टी असतील, असं मला वाटत नाही.

"हो" म्हणाला, पण जायचं कुठे?

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे. ऐरोलीच्या एका वहिनींचे मिस्टर एका सकाळी आपणहून म्हणाले, "मला कुठेतरी ने." मग भावाला फोन, मावसभावाला फोन, नेटवर शोधाशोध. संध्याकाळपर्यंत कुठलं केंद्र चांगलं यावर नातेवाइकांत वाद सुरू होता आणि ते खाली वाइन शॉपला जाऊन आले होते.

त्याच्या होकाराची वाट न पाहता आजच तयारी करून ठेवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, किंवा जवळचे खासगी मानसोपचारतज्ज्ञ, यांपैकी एक ठिकाण ठरवा. ओपीडीचा वार आणि वेळ फोन करून विचारा. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी, दोन कपडे, सगळं एका पिशवीत ठेवा. त्या दिवशी सुट्टी कोण टाकणार आणि पोरांना कोण सांभाळणार, तेही ठरवा. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे, तो चोवीस तास चालतो. फोन तुम्ही करायचा, पेशंट तयार असायची गरज नाही.

मग त्याला सांगायचं ते चार वाक्यांत. सकाळी, चहाच्या वेळी, तो शुद्धीत असताना: "अहो, काल तुम्ही जिन्यात पडलात. मी फार घाबरले. सोमवारी दहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सुट्टी काढते. याल ना?" एवढंच बोलून गप्प बसा. गेल्या दहा वर्षांचा हिशेब आज काढू नका. नाही म्हणाले तर "बरं, वेळ राहू दे, रविवारी पुन्हा विचारते" म्हणा आणि विषय सोडा.

शपथ, माळ आणि श्रावण

पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं, पंढरीची माळ घालणं, हे प्रेमानेच केलेलं असतं. काहींना माळेचा मोठा आधार मिळतो, त्याला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण शपथ मोडली की माणूस दुप्पट लाजतो, आणि ती लाज विसरायला पुन्हा पितो. श्रावणाचं वेगळंच. गटारीला पोटभर पिऊन पुढचा महिना हात न लावणारा माणूस वर्षभर सांगत राहतो, "श्रावणात थांबतो ना मी, मग मी कसला व्यसनी?" थांबता येणं आणि थांबलेलं टिकणं यांत फरक आहे. त्याला विचारायचं ते हे की श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं.

याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर शरीर उलटतं. काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. म्हणून "दोन दिवस खोलीत कोंडून ठेवू, उतरेल आपोआप" हा बेत करूच नका, गावी शेतावर नेऊन ठेवण्याचाही नको. दवाखान्यात यासाठी ठरावीक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, आणि जीवनसत्त्व बी-१ देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे सलाईन लावून आणलं तरी हे काम झालेलं नसतं. फिट आली, बरळायला लागला, ताप चढला तर १०८ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

चहातून दिलेलं औषध

"त्यांना कळू न देता दारू सोडवा" अशा जाहिराती लोकलच्या डब्यात, भिंतींवर, फोनवर दिसतात. अशा पुड्यांत काय असतं ते घेणाऱ्याला कळत नाही. आणि काही घरं डॉक्टरांच्या चिठ्ठीचं डायसल्फिरॅम कुठून तरी मिळवून आमटीत मिसळतात. ते औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेल्याच्या तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. हे औषध वाईट नाही. पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, यकृत-हृदय तपासून डॉक्टर ते देतात तेव्हा काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. लपवून दिलं की दोन गोष्टी जातात: सुरक्षितता आणि विश्वास. ज्या बायकोने आमटीत गोळी घातली, तिने पुढे डॉक्टरांकडे चला म्हटलं तर तो का ऐकेल?

सगळ्यांनी मिळून घेरणं

रविवारी मामा, काका, मोठे दीर, कधी सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा. मध्ये तो मान खाली घालून बसलेला, आणि प्रत्येक जण आपापलं सुनावतोय. बोलणाऱ्यांचं मन हलकं होतं, ऐकणाऱ्याचं काहीच होत नाही. यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मिलर, मायर्स आणि टोनिगन यांनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला. उपचाराला तयार नसलेल्या दारुड्यांच्या घरच्यांना त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवलं. एकत्र जमून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत सुमारे ३० टक्के जण उपचाराला आले. घरच्यांनी वागणं बदलायची 'क्राफ्ट' ही पद्धत वापरली तेव्हा सुमारे ६४ टक्के आले.

त्यात घरचे करतात तरी काय? तो न पिता घरी आला त्या दिवशी लक्ष देतात: आवडीची भाजी, सोबत तलावपाळीला एक चक्कर, पोरांचा अभ्यास त्याच्याकडे. तो पिऊन आला की भांडणही नाही आणि सेवाही नाही, बाजूला होतात. आणि पिण्याचे परिणाम त्याचे त्याला भोगू देतात. आपल्याकडे हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. सुपरवायझरला "ताप आलाय" म्हणून बायकोच फोन करते. बारची उधारी सासरे फेडतात. उलटी आई पुसते. मायेपोटी केलेल्या या प्रत्येक गोष्टीने "आता बस्स" वाटण्याची एक वेळ पुढे ढकलली जाते. माथाडी कामगाराची बायको असलेल्या घणसोलीच्या एका ताईंनी मुकादमाला खोटं सांगणं बंद केलं. "कामावर का नाही आले ते त्यांनाच विचारा," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे नवऱ्यानेच विचारलं, "ते डॉक्टरांचं काय म्हणत होतीस?"

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण होत असेल तर यातलं काहीच आधी नाही. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी. तो दारूच्या नशेत होता म्हणून तो गुन्हा कमी होत नाही.

"गाडी येऊन घेऊन जाईल"

हताश झालेल्या घरांना ही सोय वाटते: चार माणसं येतात, झोपेतून उचलून नेतात, सहा महिने भेट नाही, महिन्याचे पैसे आधी भरायचे. कृपा करून असं करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेल्या मानसिक अवस्थांनाही लागू होतो. त्याप्रमाणे साधारणपणे पेशंट स्वतःच्या संमतीनेच दाखल होतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल आणि जिवाला धोका असेल, तर कलम ८९ खाली त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला कायद्याने नेमलेला माणूस, अर्ज करू शकतो. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी करावी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असतो, आणि मुदत आधी ३० दिवसांपर्यंतचीच असते. साखळदंडाने बांधायला कायद्याने सरळ बंदी आहे.

केंद्र निवडताना विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवाल का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात? पहिल्या आठवड्यात फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? भेट आणि फोन कधी? घरच्यांसाठी काही सत्र असतं का? उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर उठा. घरच्यांना सोबत घेणारी केंद्रं आहेत. येरवड्याचं मुक्तांगण १९८६पासून चालू आहे. आणि प्रत्येकाला राहूनच उपचार लागतात असंही नाही. पुष्कळांचं काम ओपीडीत, गोळ्या आणि समुपदेशनाने होतं. "सहा महिने कोंडतील" ही भीती याच माहितीने कमी होते.

नकार कसा येतो

"मी काय बेवडा आहे?" यावर वाद घालू नका. "नाव काहीही देऊ, झोप लागत नाही आणि हात थरथरतात, तेवढं दाखवू," म्हणा.

"मी माझं स्वतः सोडेन." चांगलं आहे. पण रोजचं पिणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि तारीख ठरवून: "दादा, महिनाभर बघू. नाही जमलं तर एक तारखेला माझ्यासोबत येशील?"

"मनोरुग्णालयात? मी वेडा आहे का?" ठाण्याचं हे रुग्णालय १९०१पासून उभं आहे, आणि "ठाण्याला पाठवा" हा टोमणा ऐकत आपण सगळे मोठे झालो. त्यामुळे ही भीती खरी आहे, तिला हसू नका. तिथे नको म्हणत असेल तर सर्वसाधारण रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी सुचवा. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा कायद्याने दिलेला हक्क आहे, हेही सांगा.

मुलगा एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) किंवा नशेच्या गोळ्या घेतो असं कळलं की आयांना पोलिसांची धास्ती असते, आणि त्या भीतीने महिने जातात. अमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थासाठी गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी वकिलाला विचारा, पण डॉक्टरांकडे जायला वकील लागत नाही.

घरी आल्यावर

डिस्चार्ज झाला की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि पुढच्या तारखेचा कागद कपाटात जातो. पहिले काही महिने घसरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. पगाराचा दिवस, गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, थर्टी फर्स्ट, हे दिवस आधीच बोलून ठरवा. तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, सभेला जाऊ शकतो, तुम्ही घरच्यांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या. मराठीतून चालतात, फी नसते. तो गेला नाही तरी तुम्ही जा.

आणि एखाद्या रात्री तो पिऊन आलाच, तर "सगळे पैसे पाण्यात गेले" असं म्हणू नका. त्या रात्री काहीच बोलू नका. सकाळी डिस्चार्जचा कागद काढा, त्यावरच्या नंबरवर फोन करा आणि त्याच आठवड्यातली वेळ घ्या. जुना केसपेपर आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या, डॉक्टरांना परत पहिल्यापासून विचारावं लागत नाही. किती प्यायला, किती दिवस, शेवटचं कधी, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.