काठवटीची न्यातिती

न्यातिती करायची असेल तर तारांचा विचार नंतर करा, आधी पायाचा करा. केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी राहणाऱ्या लुओ लोकांचं हे आठ तारांचं वाद्य. वादक बुटक्या तिवईवर बसतो आणि वाद्य जमिनीलगत धरतो. पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडी, घोट्याला घुंगरं. बोटं तारा छेडतात, कडी लाकडावर ठोका देते, घुंगरं बोलतात आणि वर गळा चालू असतो. माणूस एकटा, पण अख्खा फड उभा राहतो. कडी-घुंगरं काढून नुसत्या तारा छेडणारे दिसले की माझा जीव तुटतो.

मी चोपड्याकडे भजनी मंडळांच्या एकतारी, वीणा दुरुस्त करतो. म्हणून सामान आपल्या भागात मिळेल तेच सांगतो.

लुओ कारागीर लाकूड कोरून भांडं करतात. आपल्याकडे माळ्यावर जुनी काठवट पडलेली असते, ती घ्या. दीड फूट रुंद, तडा नसलेली. वर मढवायला तिकडे गाईचं कातडं, मी बकऱ्याचं वापरतो; डफ-ढोलकी मढवणाऱ्याकडे मिळतं. ते रात्रभर भिजवा. ओल्या कातड्याला दोन चिरा पाडून सागाच्या दोन दांड्या आत सरकवा. आतली टोकं काठवटीच्या पलीकडच्या कडेशी एकत्र येतील, बाहेरची फाकतील. मग कातडं ताणून वादीने खालून आवळा आणि फाकलेल्या टोकांवर आडवी दांडी करकचून बांधा. वाळवणं सावलीतच. आपलं वैशाखातलं ऊन ओल्या कातड्याला क्षणात भेग पाडतं.

तारा पूर्वी गाईगुरांच्या स्नायूंच्या असत, आता मासेमारीचा तंगूस लावतात. तापीकाठच्या बाजारात जाड-बारीक सगळा मिळतो. एक टोक काठवटीच्या कडेला बांधा, दुसरं आडव्या दांडीवर. दांडीवर आधी केळीच्या वाळल्या सोपटाची पट्टी गुंडाळा आणि तार तिच्यावर घट्ट बसवा. पट्टी पिळली की सूर चढतो-उतरतो.

आता सगळ्यात नाजूक काम, घोडी, म्हणजे तारांखालचा टेकू. बोरूचे तुकडे मधमाशीच्या मेणाने कातड्यावर चिकटवा आणि तारा त्यांवरून न्या. सूर स्वच्छ निघाला म्हणजे काम चुकलं. तंबोऱ्याच्या जवारीसारखी झार, म्हणजे तारेची झणझण, उठली पाहिजे. तुकडा केसभर पुढे-मागे सरकवत राहा, घाई करू नका. ही झार म्हणजे या वाद्याचा आवाज आहे, दोष समजून घालवू नका.

चार तारा एका हाताच्या, चार दुसऱ्याच्या. मी भूपाचे स्वर लावतो, खालून वर: प ध सा रे ग प ध सा. ही माझी सोय. तुम्ही तुमच्या गळ्याला मानवेल तो सा धरा.

पण वाजवायला बसण्याआधी हे वाद्य कुठे वाजतं ते ठाऊक हवं. लुओंच्या मयताच्या विधींत न्यातितीवाला गेलेल्या माणसाचं नाव गातो, त्याच्या घराण्याची कीर्ती सांगतो. श्रोता पैसे ठेवून गाणं मध्येच थांबवतो आणि स्वतःची, मित्रांची स्तुती ऐकवतो. याला ते पाक्रुओक म्हणतात. पुढे केनियात गिटारवर बेंगा नावाचं नाचाचं संगीत आलं, त्यातली बोटांची चाल न्यातितीवरूनच घेतलेली. केनियाचे गायक-वादक आयूब ओगाडा यांनी हे वाद्य लंडनला नेलं आणि जगाने ते ऐकलं. परंपरेने ते फक्त पुरुष वाजवत. जपानच्या अन्यांगो केनियात जाऊन ते शिकल्या आणि वाजवू लागल्या. माझ्याकडे शिकायला मुली आल्या तर मला फार आनंद होईल.

सराव पायापासून. लोहाराकडून अंगठ्याच्या मापाची कडी करून घ्या. आधी नुसता ठोका, घुंगरं अडखळेनाशी होईपर्यंत. मग एक हात, मग दुसरा, गळा शेवटी. पावसाळ्यात कातडं सैलावतं. तारा उतरवून काठवट चुलीपासून हातभर अंतरावर उबेला धरा, पुन्हा ताण येतो.